द्वंद्वखेळांतील सामर्थ्यवाढ आणि समतोल : ‘पोकेमॉन’, बुद्धिबळ व शंकरपट यांचा तौलनिक इतिहास

१. प्रस्तावना

कोणत्याही खेळाचा इतिहास हा मुख्यतः त्याच्या नियमांचा इतिहास असतो. खेळाडू येतात आणि जातात, विक्रम होतात आणि मोडतात. परंतु कोणाला कोणाविरुद्ध, कोणत्या साधनांनी व कोणत्या मर्यादेत लढता येईल हे ठरविणारी नियमांची चौकट खेळाला त्याचे स्वरूप देते. असे असूनही आपल्याकडील इतिहासलेखनात खेळांच्या नियमांकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. संगणकीय खेळ तर ‘मुलांचा वेळ वाया घालविणारी वस्तू’ म्हणून अभ्यासाच्या कक्षेबाहेरच ठेवले जातात. आज महाविद्यालयात शिकणाऱ्या पिढीचे बालपण दूरदर्शन संचावरील आणि भ्रमणध्वनीवरील कल्पित प्राण्यांच्या लढतींत गेले आहे. त्या लढतींमागील नियमव्यवस्थेला आता तीन दशकांचा इतिहास असून तो अभ्यासनीय आहे.

या खेळांत वारंवार उद्भवणारा एक प्रश्न आहे. दर नव्या आवृत्तीत अधिक बलवान प्राणी व अधिक प्रभावी शक्ती येतात आणि जुन्यांचे मोल हळूहळू घटत जाते. या प्रक्रियेला इंग्रजीत ‘पॉवर क्रीप’ म्हणतात. प्रस्तुत निबंधात तिच्यासाठी ‘सामर्थ्यवाढ’ हा शब्द योजला आहे. ही वाढ एकदम होत नाही. बांधाला लागलेल्या पाण्यासारखी ती नकळत चढते. तिला आवर घालून खेळ खेळण्याजोगा ठेवणे म्हणजे ‘समतोल’ राखणे होय.

गोरेगाव तालुक्यासारख्या धानपट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. धानकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शिवारात भरणारा शंकरपट ज्याने पाहिला आहे, त्याने सामर्थ्यवाढ आणि समतोल या दोन्हींचा झगडा प्रत्यक्ष पाहिलेला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

(१) प्राणी-द्वंद्वाच्या संगणकीय खेळातील सामर्थ्यवाढीचा टप्प्याटप्प्याने आढावा घेणे.
(२) समतोल राखणाऱ्या विविध सत्ता व त्यांच्या कार्यपद्धती स्पष्ट करणे.
(३) बुद्धिबळ व शंकरपट या आपल्या परिचयाच्या खेळांशी तुलना करून ‘समतोल’ या संकल्पनेचा अर्थ निश्चित करणे.

३. समतोलाचे दोन अर्थ

‘समतोल’ हा शब्द सरसकट वापरल्याने विवेचनात गोंधळ होतो. येथे त्याचे दोन अर्थ वेगळे करणे आवश्यक वाटते. पहिला, खेळाडू-खेळाडूंमधील समतोल : दोघांनाही जिंकण्याची सारखी संधी असणे. यास समानता म्हणता येईल. दुसरा, साधना-साधनांमधील समतोल : उपलब्ध प्राण्यांपैकी किंवा सोंगट्यांपैकी पुष्कळ उपयोगी असणे, मोजक्यांनीच सारा पट व्यापून न टाकणे. यास विविधता म्हणता येईल. एखाद्या खेळात पहिला समतोल अबाधित असूनही दुसरा पूर्ण कोसळलेला असू शकतो. सहा प्राण्यांच्या संघात दोन्ही खेळाडूंनी तेच सहा प्राणी आणले, तर लढत समान असेल. पण उरलेले शेकडो प्राणी निरर्थक ठरतील.

बुद्धिबळाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. सतराव्या शतकात काशीत स्थायिक झालेल्या, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी ‘नीतिमयूख’ या ग्रंथात बुद्धिबळाच्या खेळाचे विवेचन केले आहे. भारतात उगम पावलेल्या या खेळात वजिराच्या जागेवरील सोंगटी प्राचीन काळी दुबळी होती. ती तिरपे एकच घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात, विशेषतः स्पेनमध्ये, तिला सर्व दिशांना हवी तितकी घरे जाण्याची मुभा मिळाली. उंटाची चालही लांबली. सामर्थ्यवाढीचे एवढे मोठे उदाहरण खेळांच्या इतिहासात क्वचितच सापडेल. तरीही बुद्धिबळाचा तोल ढळला नाही. उलट खेळ वेगवान झाला आणि जगभर पसरला. याचे कारण उघड आहे. नवा वजीर दोन्ही बाजूंना एकाच वेळी आणि विनामूल्य मिळाला. जुना वजीर बाळगणारा आणि नवा वजीर विकत घेणारा असे दोन वर्ग त्यातून निर्माण झाले नाहीत. पटावरील सोंगट्यांची संख्याही वाढली नाही. यावरून सामर्थ्याची वाढ ही मुळात दोषास्पद नसून तिचे वाटप कसे होते यावर तिचा परिणाम अवलंबून असतो, असे म्हणता येते.

४. ‘पोकेमॉन’मधील सामर्थ्यवाढीचा इतिहास

४.१ आरंभ व पहिला असमतोल (१९९६–१९९९)

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळावयाच्या यंत्रासाठी ‘पोकेमॉन’चे ‘रेड’ व ‘ग्रीन’ हे दोन खेळ प्रसिद्ध झाले. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता आणि त्याच छंदातून ही कल्पना सुचली. खेळाडूने कल्पित प्राणी पकडावेत, वाढवावेत आणि तारेने जोडलेल्या दुसऱ्या यंत्रावरील मित्राच्या प्राण्यांशी लढवावेत, अशी ती योजना होती. प्राणी १५१ आणि त्यांचे प्रकार १५ होते. पाणी आगीवर भारी, आग गवतावर भारी आणि गवत पाण्यावर भारी, हे चक्र त्याचा पाया होते. कोणीही सर्वश्रेष्ठ नसावा, प्रत्येकाला कोणीतरी भारी असावा, हेच समतोलाचे मूळ तत्त्व होय.

हे तत्त्व पहिल्याच खेळात मोडले. ‘सायकिक’ म्हणजे मानसशक्तीच्या प्रकाराला प्रभावी उतारा उरला नाही. कीटक प्रकार त्यावर भारी होता. पण कीटकांचे हल्ले दुबळे होते आणि अनेक कीटक विषप्रकाराचेही असल्याने तेच मानसशक्तीपुढे नमत. भूत प्रकाराचा हल्ला तर आज्ञावलीतील रचनेमुळे त्यावर निष्प्रभच ठरला. शिवाय विशेष हल्ला आणि विशेष बचाव यांसाठी ‘स्पेशल’ हा एकच गुण असल्याने तो ज्याचा उच्च, तो मारण्यात व सोसण्यात दोन्हीकडे वरचढ ठरे. ‘म्यूटू’ हा प्राणी त्या सत्तेचे शिखर होता.

१९९९ मधील ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या खेळांत १०० नवे प्राणी आले. त्याचबरोबर ‘डार्क’ (काळोख) व ‘स्टील’ (पोलाद) हे दोन नवे प्रकार आले आणि ‘स्पेशल’ या गुणाचे हल्ला व बचाव असे दोन भाग करण्यात आले. काळोख प्रकारावर मानसशक्तीचा काहीच परिणाम होत नसे. मानसशक्तीसमोर नवा प्रतिस्पर्धी उभा करण्यात आला, ही बाब लक्षणीय आहे. असमतोल दूर करण्यासाठी भर घालणे ही पद्धत येथून रूढ झाली आणि त्याच पद्धतीत पुढील सामर्थ्यवाढीचे बीज होते.

४.२ नव्या शक्तींचा काळ (२००२–२०१२)

२००२ मध्ये प्रत्येक प्राण्याला स्वभावसिद्ध ‘क्षमता’ मिळाली. २००६ मध्ये हल्ला शारीरिक की विशेष हे त्याच्या प्रकारावरून न ठरता त्या-त्या हल्ल्यावरून ठरू लागले. दिसायला हा बदल तांत्रिक होता. परंतु त्यामुळे जुने अनेक प्राणी रातोरात उपयोगी झाले आणि काही निकामी ठरले. २०१० च्या ‘ब्लॅक’ व ‘व्हाइट’ खेळांच्या काळात पाऊस पाडणारी क्षमता सामान्य प्राण्यालाही मिळाली आणि तो पाऊस लढत संपेपर्यंत थांबत नसे. पावसात दुप्पट वेगाने धावणाऱ्या प्राण्यांशी तिची सांगड घातली की प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायलाही उसंत मिळत नसे. येथे एकही प्राणी एकटा अतिबलवान नव्हता. अतिबलवान होती ती त्यांची जोडी. सामर्थ्यवाढ केवळ आकड्यांत नसून परस्परसंबंधांतही असते, हे यावरून दिसून येते.

४.३ दुरुस्ती व विरोधाभास (२०१३–२०२२)

१२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘एक्स’ व ‘वाय’ हे खेळ प्रसिद्ध झाले. त्यांत ड्रॅगन प्रकाराचे वर्चस्व मोडण्यासाठी ‘फेअरी’ (परी) हा अठरावा प्रकार आला आणि क्षमतेने आणलेल्या हवामानाला पाच फेऱ्यांची मुदत घालण्यात आली. ही निःसंशय दुरुस्ती होती. परंतु त्याच खेळात ‘मेगा’ रूपांतराची शक्ती आली आणि ज्यांना ती लाभली त्यांच्या आधारगुणांची बेरीज १०० ने वाढली. एका हाताने लगाम आणि दुसऱ्या हाताने चाबूक, असे या निर्णयाचे वर्णन करता येईल. ‘कंगासखान’च्या मेगा रूपाला प्रत्येक हल्ला दोनदा करता येई, दुसऱ्या हल्ल्याचे बळ पहिल्याच्या निम्मे असे. २०१६ मध्ये ते एक चतुर्थांशावर आणावे लागले.

पुढे दर पिढीला एक नवी शक्ती आली : २०१६ मध्ये ‘झेड’ हल्ले, २०१९ मध्ये प्राण्याला तीन फेऱ्यांसाठी प्रचंड करणारे ‘डायनामॅक्स’ आणि २०२२ मध्ये प्राण्याचा प्रकारच बदलणारे ‘टेरास्टल’. २०१९ च्या मुख्य खेळातून मेगा रूपांतर व झेड हल्ले आणि २०२२ च्या खेळातून डायनामॅक्स वगळण्यात आले. म्हणजे शक्तीला मर्यादित आयुष्य देऊन वाढ रोखण्याचा हा प्रयत्न होता. तथापि २०१९ च्या खेळात जुने सर्वच प्राणी आणता येणार नाहीत, असे जाहीर झाले तेव्हा खेळाडूंमध्ये मोठा असंतोष उसळला. वर्षानुवर्षे एका खेळातून दुसऱ्यात नेलेला, सांभाळलेला प्राणी बाहेर राहणार होता. पुढे प्राण्यांची एकूण संख्या १,०२५ पर्यंत गेली. इतक्या प्राण्यांचा समतोल राखणे जवळजवळ अशक्य आहे, हे निर्मात्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण खेळाडूंचे दुःखही खोटे नव्हते.

याच खेळाच्या पत्त्यांच्या रूपात सामर्थ्यवाढ आकड्यांतच वाचता येते. १९९६ च्या पहिल्या संचात ‘चॅरिझार्ड’ या प्राण्याचे जीवनबल १२० होते. २०२० मधील त्याच प्राण्याच्या एका पत्त्यावर ते ३३० झाले. पत्ते विकण्यावर ज्याचा व्यवसाय चालतो, त्याला नवा पत्ता जुन्यापेक्षा आकर्षक करावाच लागतो. त्यावरचा उपाय म्हणून अधिकृत स्पर्धांत जुने संच ठरावीक काळाने बाद केले जातात.

५. समतोल राखणाऱ्या सत्ता

पहिली सत्ता निर्मात्याची. अधिकृत जागतिक स्पर्धांत एका संघात एकच प्राणी दोनदा घेता येत नाही, एकच वस्तू दोन प्राण्यांना देता येत नाही आणि अतिबलवान पौराणिक प्राण्यांवर त्या-त्या मोसमानुसार बंदी किंवा संख्येची मर्यादा असते.

दुसरी सत्ता खेळाडूंच्या समुदायाची. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्मोगन’ या समुदायाने प्राण्यांची त्यांच्या प्रत्यक्ष वापराच्या प्रमाणावरून श्रेणीवार विभागणी केली. वरच्या श्रेणीतील प्राणी खालच्या श्रेणीत खेळविता येत नाही. त्यामुळे दुबळ्यांनाही आपले रणांगण मिळते. एखादा प्राणी किंवा शक्ती खेळ बिघडवीत आहे असे वाटल्यास तिची चाचणी होते आणि पात्र खेळाडू मतदान करतात. पाऊस आणि पावसात धावणारे यांची एकाच संघातील जोडी २०११ मध्ये अशाच रीतीने निषिद्ध ठरली. २०१४ मध्ये ‘रेक्वाझा’चे मेगा रूप आले, तेव्हा अतिबलवानांच्या श्रेणीलाही ते पेलवेना आणि तिच्या वर आणखी एक श्रेणी काढावी लागली. डायनामॅक्सवर या समुदायाने आपल्या मुख्य एकेरी श्रेणीत डिसेंबर २०१९ मध्ये बंदी घातली. अधिकृत दुहेरी स्पर्धांत मात्र ते चालू राहिले. एकाच शक्तीविषयी दोन सत्तांनी दोन निवाडे दिले.

तिसरी बाब सत्तेची नसून कौशल्याची आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचे से जुन पार्क यांनी ‘पाचिरिसू’ नावाच्या खारीसारख्या प्राण्यासह विजेतेपद मिळविले. या प्राण्याच्या आधारगुणांची बेरीज अवघी ४०५. त्याच संघातील ‘गारचॉम्प’ची ६००. परंतु शत्रूचे हल्ले स्वतःकडे ओढून घेऊन सहकाऱ्याला वाचविणे, हे त्या क्षणी हवे असलेले काम पाचिरिसू उत्तम करीत असे. नियमांनी थोडी जागा ठेवली असेल तर बुद्धी ती शोधून काढते, असा या घटनेचा अर्थ आहे. मात्र या एका विजयावरून सामर्थ्यवाढ नव्हतीच असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. बाकीचा संघ बलवानच होता.

६. भारतातील प्रसार

भारतात पोकेमॉन प्रथम पोहोचला तो खेळ म्हणून नव्हे, तर चित्रमालिका म्हणून. २००३ पासून ‘कार्टून नेटवर्क’वर ती दाखविली जाऊ लागली. गेम बॉयसारखी यंत्रे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असल्याने बहुसंख्य मुलांना प्राण्यांची नावे पाठ होती. पण त्यांच्या लढतींचे नियम ठाऊक नव्हते. डिसेंबर २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा भ्रमणध्वनीवरील खेळ रिलायन्स जिओच्या सहकार्याने भारतात अधिकृतपणे आला आणि हे चित्र पालटले. या खेळात डिसेंबर २०१८ मध्ये खेळाडूंच्या परस्पर लढती आणि २०२० च्या आरंभी क्रमवार स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत समतोलाचा साधा उपाय योजला आहे : एका गटात प्राण्याचे युद्धबल १,५०० पेक्षा अधिक चालत नाही, दुसऱ्यात २,५०० ची मर्यादा, तिसऱ्यात मर्यादा नाही. बलवान प्राणी मिळविण्यास ज्याला वेळ किंवा पैसा नाही, त्यालाही पहिल्या गटात मानाने लढता येते.

७. शंकरपट : जिवंत प्राण्यांचा समतोल

गटवारीची ही कल्पना आपल्या शिवाराला जवळची आहे. पूर्व विदर्भात हिवाळ्यात भरणारा शंकरपट म्हणजे हलक्या छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्यांची शर्यत. पटाच्या निमित्ताने पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात. मुळात शेतात राबणारा बैल एक दिवस पटावर धावे. जसजशी बक्षिसे व प्रतिष्ठा वाढली, तसतसा शेतकामाला न जुंपता केवळ पटासाठी पोसलेला बैल पुढे आला. नांगराच्या बैलाला त्याच्याशी बरोबरी करणे शक्य नव्हते. म्हणजे येथे ढळला तो पहिल्या अर्थाचा समतोल. ज्याच्याजवळ खुराकाला पैसा, त्याची जोडी पुढे.

आणि येथेच कल्पित व जिवंत प्राण्यांतील मूलभूत भेद समोर येतो. संगणकातील प्राण्याचे बळ वाढविण्यासाठी एक आकडा बदलावा लागतो. बैलाचे बळ त्याच्या शरीराच्या मर्यादेपलीकडे वाढवायचे असेल तर त्याची किंमत बैलच मोजतो : पराणीने, शेपूट पिरगाळून, विजेच्या धक्क्याने किंवा उत्तेजक पाजून. आयोजकांनी व बैलमालकांनी ही वाढ स्वतःहून वेळीच रोखली नाही, म्हणून बाहेरची सत्ता आली. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने प्रदर्शनास व प्रशिक्षणास निषिद्ध प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, असे मत त्या निकालात नोंदविले गेले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नियम केले. पण उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांचे सुधारित कायदे वैध ठरविले.

बंदीच्या सुमारे सात वर्षांत पट थांबला आणि त्यावर अवलंबून असलेले गावोगावचे अर्थकारण व रंगभूमी यांनाही झळ बसली. अनुमतीनंतरच्या नियमांचा आशय पाहिला तर तो समतोलाचाच आहे : बाह्य साधनांनी वाढविलेले बळ चालणार नाही, बैल आपल्या अंगच्या बळाने धावेल. हा नियम प्रथम पटाच्या पंचांनीच केला असता तर न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ कदाचित आली नसती.

८. निष्कर्ष

(१) सामर्थ्यवाढ स्वतः दोषास्पद नाही. बुद्धिबळातील वजिराप्रमाणे ती सर्वांना सारखी मिळाली तर खेळ समृद्ध होतो.
(२) पोकेमॉनमध्ये सामर्थ्यवाढीचा मुख्य आघात समानतेवर नव्हे, तर विविधतेवर झाला. शंकरपटात तो समानतेवर आणि त्याहून अधिक मुक्या जनावरावर झाला.
(३) नवी शक्ती आणून जुना असमतोल दूर करण्याची पद्धत तात्पुरती यशस्वी ठरते. परंतु तीच पुढील असमतोलाचे कारण होते. मर्यादा, गटवारी व कालबद्धता हे उपाय अधिक टिकाऊ आहेत.
(४) नवेपणा विकणारा निर्माता आणि खेळ टिकावा असे वाटणारा खेळाडू यांचे हित नेहमी एक नसते. म्हणून नियम करण्यात खेळाडूंचा वाटा असणे आवश्यक ठरते.
(५) खेळणारे स्वतः मर्यादा घालीत नाहीत तेथे बाहेरची सत्ता ती घालते आणि त्या वेळी केवळ दोष नव्हे, तर संपूर्ण खेळच काही काळ बंद पडतो.

विद्यार्थ्याच्या हातातील खेळ हिसकावून घेण्याऐवजी त्यातील नियम कोणी, कोणाच्या हितासाठी आणि कोणत्या क्रमाने बदलले, हा प्रश्न त्याला विचारला तर इतिहासाच्या अभ्यासाची एक नवी वाट खुली होईल. त्याच प्रश्नाचे उत्तर शोधताना तो आपल्या गावच्या पटाकडेही वेगळ्या दृष्टीने पाहू शकेल, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.